उस्मानपुऱ्यातून दीपगृहाकडे : एकदिवसीय सहलीची अधिकृत कार्यपद्धती

समुद्रकाठी राहणाऱ्याला दीपगृह पाहणे सोपे असते. संध्याकाळी तो चपला पायात सरकवतो आणि जाऊन येतो. त्यात कसब कसले? खरी कसोटी छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात राहणाऱ्याची. समुद्र गाठायचा तर साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर तुडवावे लागतात. नळाचे पाणीसुद्धा पैठणच्या बाजूने येते आणि तेही रोज येत नाही. अशा मुलखात राहून, मित्रांना घेऊन, एका दिवसात ऐतिहासिक दीपगृह पाहून रात्रीच्या जेवणाला घरी हजर व्हायचे तर त्याला पद्धत लागते. ती पुढे कलमवार दिली आहे. कलमे क्रमाने पाळावीत. एखादे गाळल्यास होणाऱ्या परिणामांना ग्रुपचा अ‍ॅडमिन जबाबदार राहील. तो तसाही असतोच.

कलम १ : मंडळी

पाच जण घ्यावेत. चौघे दोन दुचाक्यांवर सुटसुटीत बसतात, म्हणून चार हा आकडा टाळावा. ज्या सहलीत कुणालाच त्रास झाला नाही, तिच्याबद्दल पुढे बोलायला काही उरत नाही.

पाचांत पुढील पदे भरलेली असावीत. एक आरंभशूर : सगळ्या कल्पना याला रात्री साडेअकरानंतर सुचतात. एक कारभारी : कल्पना याची नसते, पण पेट्रोल, पंक्चर, पाण्याच्या बाटल्या सगळे याच्या गळ्यात पडते. एक इतिहासकार : याने कॉलेजात इतिहास घेतलेला नसावा. घेतलेला असला की तो मधेच ‘याला पुरावा नाही’ म्हणतो आणि गप्पांचा विचका होतो. एक छायाचित्रकार : याच्या फोनमध्ये जागा कधीच शिल्लक नसते. आणि पाचवा असा, की त्याला कुणी बोलावले हे कुणालाच आठवत नाही. वेळेवर मात्र तो एकटाच येतो.

कलम २ : ग्रुप

ग्रुपचे नाव ‘दीपगृह फायनल’ ठेवावे. आठवड्याभराने ‘दीपगृह फायनल खरंच’ असा दुसरा काढावा, कारण पहिल्यावर कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो येऊन मूळ विषय खाली गेलेला असतो.

खऱ्या दीपगृहांची एक रीत आहे. प्रत्येकाच्या दिव्याची उघडझाप वेगळी ठेवतात, म्हणजे रात्री खलाशाला नुसते सेकंद मोजून कळते की हा दिवा कुठला. ग्रुपवरचे सभासदही तसेच ओळखावेत. एक अंगठा आणि मग दोन दिवस काळोख : हा आरंभशूर. दर दहा मिनिटांनी ‘कोण कोण?’ असा झोत : कारभारी. दोन निळ्या खुणा आणि पुढे कायमचा काळोख : याने घरी अजून विचारलेले नाही.

कलम ३ : स्थळनिवड

स्थळ ठरलेलेच असते, तरी चर्चा करावी. चर्चेशिवाय गेलो तर घाईत गेल्यासारखे वाटते.

पहिली सूचना खांदेरीची येते. अलिबागजवळच्या थळसमोरचे हे बेट. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या नाकावर टिच्चून तिथे किल्ला बांधायला घेतला. पुढे १८६७ मध्ये इंग्रजी अमलात त्याच बेटावर दीपगृह उभे राहिले, ते आजही आहे. ऐतिहासिक म्हणावे तर याहून भारी जागा नाही. पण उस्मानपुऱ्यातून अलिबाग, अलिबागेतून थळ, थळहून होडी, त्यात भरती-ओहोटीचे गणित आणि हे सगळे करून रात्री नऊला घरी! हे जमवणारा माणूस मित्रमंडळात नसतो, नौदलात असतो.

दुसरी सूचना मुंबईच्या प्राँग्स दीपगृहाची. कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, खडकांवर, थॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअरने ते उभारले आणि १८७५ पासून ते कामाला लागले. दिवसाही दुरून ओळखू यावे म्हणून त्यावर लाल, पांढरे, काळे पट्टे आहेत. ओहोटीला तिथवर चालत जाता येते, हे मंडळींपैकी कुणीतरी वाचलेले असते. परवानगी लागते, हे वाचलेले नसते.

तिसरी सूचना कोर्लईची. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे पोर्तुगीजांचा किल्ला, त्याच्या अंगाला दीपगृह, आणि गाडी जवळपर्यंत जाते. ही सूचना सर्वांत धोक्याची, कारण ती प्रत्यक्षात येऊ शकते. कुणीतरी नकाशा उघडून जाण्यायेण्याचे तास मोजेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसावे. तास मोजले की सूचना आपोआप मरते.

यानंतर एक जण जायकवाडी सुचवतो. पाणी आहे, पक्षी आहेत. तिथे दीपगृह नाही असे सांगितले की तो म्हणतो, ‘पाणी तर आहे ना!’ त्याच्याशी वाद घालू नये. इथल्या माणसाने पाणी पाहायला जावे यात गैर काही नाही.

शेवटी मध्यरात्रीच्या सुमारास कुणीतरी लिहितो, ‘दौलताबादला जाऊ. चांद मिनार.’ क्षणभर शांतता पसरते आणि पाच अंगठे एकदम उमटतात. सर्वानुमते ठराव मंजूर झाल्याचे समजावे.

कलम ४ : पात्रता तपासणी

चांद मिनार हे दीपगृह कसे, असा आक्षेप येईल. तो लेखी मागावा. लेखी कुणी देत नाही. तरीही तयारी असावी म्हणून मुद्देसूद खुलासा :

उंची. मिनार सुमारे ६३ मीटर आहे, म्हणजे प्राँग्सपेक्षा चांगलाच उंच. शिवाय दीपगृहाच्या दिव्याची उंची मोजतात ती समुद्राच्या पाण्यापासून. त्या न्यायाने आमच्या मिनाराचा माथा सहाशे मीटरच्या वर जातो. प्राचीन काळचे अलेक्झांड्रियाचे फारोस शंभर मीटरच्या पुढे होते असे म्हणतात, पण ते भूकंपांनी पाडले. हा उभा आहे.

वय. बहमनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन अहमदशहा याच्या काळात, १४४५ च्या सुमारास मिनार बांधला गेला. खांदेरीच्या दिव्यापेक्षा हा चारशेहून अधिक वर्षांनी वडील.

दिवसाची ओळख. मिनाराला एके काळी निळ्या चकाकत्या फरशा जडवलेल्या होत्या. उन्हात त्या किती लांबून दिसत असतील याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. आता बहुतेक झडल्या आहेत, पण नुसत्या उंचीवर ओळख टिकून आहे.

सज्जे. साध्या दीपगृहाचे एखाद्या सज्ज्यावर भागते. इथे मिनाराचे चार मजले आहेत आणि भोवती सज्ज्यांची गोल कडी आहेत.

प्रवेश. आत जायला आणि वर चढायला बंदी आहे. या बाबतीत तर मिनार पुष्कळशा सरकारी दीपगृहांच्या बरोबरीने बसतो.

राहता राहिले समुद्र आणि दिवा. एवढ्या दोन किरकोळ बाबींसाठी प्रकरण अडवून धरू नये.

कलम ५ : मुहूर्त

रविवार घ्यावा. मात्र त्या रविवारी पाचांपैकी कुणाच्याही घरी पाण्याचा दिवस नसावा. शहरात पाणी काही दिवसांआड येते आणि गल्लीगणिक दिवस वेगळा. पाच गल्ल्यांचे पाणी आणि रविवार यांचा लसावि काढत बसले तर सहलीला नातवंडे जातील. म्हणून शास्त्रात उतारा सांगितला आहे : ज्याच्याकडे पाणी येणार असेल त्याच्या आईला आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून भेटावे. ‘काकू, पहाटे येऊन मोटर लावतो, टाकी-ड्रम सगळं भरून देतो, पण याला सोडा.’ काकू सोडतात. मुलाशिवाय टाकी जास्त लवकर भरते, हे त्यांना अनुभवाने माहीत असते.

ऋतू थंडीचा उत्तम. दिवाळीच्या आगेमागे दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात, पुढे पेरू येतात. उन्हाळ्यात गेल्यास काळा दगड दुपारी काय करतो ते स्वतः अनुभवावे. लिहून सांगता येत नाही.

कलम ६ : प्रस्थान

सकाळी सातला संत एकनाथ रंगमंदिरासमोर जमायचे ठरवावे. सातला जमायचे म्हणजे सातला घरी उठायचे, हे सर्वांनी न सांगता समजून घ्यावे. साडेसातला कारभाऱ्याने फोन लावावा.

‘कुठे आहेस रे?’

‘यायलोच ना. क्रांती चौकात आहे.’

याच वेळी फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू येते. क्रांती चौकात कुकर नसतात. तरी कारभाऱ्याने ‘बरं, ये सावकाश’ एवढेच म्हणावे आणि तोपर्यंत पोहे मागवावेत. पोहे आले की वर तर्री, तर्री संपली की आणखी पोहे, या चक्रात पाऊण तास सहज निघतो.

मार्ग सरळ आहे : क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा आणि दौलताबाद. अंतर पंधराएक किलोमीटर. एवढ्या अंतरात दोन थांबे बंधनकारक आहेत. पहिला पेट्रोलसाठी, तोही गाडी निघाल्यानंतर. निघण्याआधी टाकी पाहणे अपशकुनी मानले जाते. दुसरा थांबा किल्ल्याची टेकडी पहिल्यांदा दिसते तिथे. सपाट रानातून एकदम उठलेला तो सुळका आणि त्याच्या पायथ्याशी उभा केलेला मिनार असा फोटो काढायला छायाचित्रकार थांबतो. फोनमध्ये जागा नसल्याचे त्याला इथेच कळते.

कलम ७ : पाहणी

तिकीट क्यूआर कोडवरही निघते. पाचही जणांनी एकाच वेळी फोन बाहेर काढावा आणि एकाच वेळी नेटवर्क शोधू लागावे. जो आधी कंटाळतो तो पैसे भरतो. भाराभर बोलणारा सहसा तो नसतो.

आत शिरल्यावर लगाम इतिहासकाराच्या हाती द्यावा. तो प्रत्येक दगडाला ‘हे खास वैशिष्ट्य’ म्हणेल, म्हणू द्यावे. खरी माहिती आपणच जवळ ठेवावी ती अशी. यादवांची राजधानी देवगिरी ती हीच. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने इथून लूट नेली. १३२७ मध्ये मुहंमद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवायचे ठरवले आणि गावाला दौलताबाद नाव दिले. सहलीच्या अभ्यासकांनी हे प्रकरण बारकाईने पाहावे. हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास, हजारो माणसे, आणि निर्णय अ‍ॅडमिनने एकट्याने घेतलेला. कुणाला विचारले नाही, जेवणाची सोय पाहिली नाही, पाण्याचा दिवस विचारात घेतला नाही. दहाएक वर्षांच्या आतच मंडळी परत निघाली. कलम ३ मधली लांबलचक चर्चा का आवश्यक आहे, हे यावरून लक्षात यावे.

पुढे हत्ती हौद पाहावा. एवढा मोठा कोरडा हौद पाहून उस्मानपुऱ्याच्या माणसाच्या मनात प्रश्न एकच येतो : भरायला किती दिवस लागत असतील? मग भारतमाता मंदिर, त्याच्या खांबांच्या रांगा. मूळची ही खिलजींच्या काळातली मशीद. त्यापुढे समोर मिनार.

मिनारापाशी किमान दहा मिनिटे उभे राहावे. मान मागे टाकून वर पाहिल्यावर सज्जे आधी जवळ वाटतात, मग आभाळात ढग सरकू लागले की मिनारच आपल्या अंगावर कलतोय असा भास होतो. त्यावेळी ‘पडतोय रे!’ असे कुणीतरी ओरडणे सक्तीचे आहे. पायथ्याशी लहान मशीद आणि फारसी शिलालेख आहे. इतिहासकार तो वाचून दाखवू लागल्यास त्याला फारसी कधीपासून येते हे विचारू नये.

वर जाताना चिनी महाल लागतो. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ मध्ये हरला आणि औरंगजेबाने त्याला इथे डांबले. उरलेले आयुष्य, बारा-तेरा वर्षे, त्याने इथेच काढले. एकाच सहलीला इतका मुक्काम दुसऱ्या कुणी केल्याचे ऐकिवात नाही. शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला खरोखर मेंढ्याचे तोंड आहे, पण फोटो सगळे पुढच्या तोंडाशीच काढतात.

कलम ८ : अंधारी

खंदक ओलांडला की अंधारी लागते. डोंगराच्या पोटातून वळसे घेत वर जाणारा काळाकुट्ट बोगदा. शत्रू आत शिरला तर ठेचकाळून, रस्ता चुकून मरावा अशी रचना. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून त्यावर आग पेटवण्याचीही सोय होती. आता शत्रू येत नाहीत, पण पायऱ्यांची उंची मुद्दाम कमीजास्त ठेवलेली आहे तशीच आहे आणि वटवाघळेही आपल्या जागी आहेत. वास आधी येतो, फडफड नंतर.

या ठिकाणी फोनचा टॉर्च लावावा. पाचही टॉर्च लावल्यावर प्रत्येक जण तो समोरच्याच्या डोळ्यांवर धरतो आणि पाचही जण आंधळे होतात. इथे ‘मी घाबरत नाही’ असे जो मोठ्याने म्हणतो त्याला मधे ठेवावे.

कलम ९ : भोजन

माथ्याजवळची बारादरी गाठल्यावर जेवायचे मनात येईल. आवरावे. माकडांचे जेवण त्याच सुमारास असते. धपाटे, ठेचा आणि दह्याचा डबा ज्याच्या पाठपिशवीत असेल त्याने पिशवी पाठीवर नव्हे, पोटाशी धरावी. माकडाला ठेचा गेला तर पुढच्या गटाला त्याचा त्रास होतो, हेही ध्यानात घ्यावे. खाणे गडाबाहेर येऊन, गाडीच्या सीटवर डबा ठेवून उरकावे. धपाटे कुणाच्या आईने केले हे विचारून तिचे नाव घ्यावे. पुढच्या सहलीची परवानगी तिच्याकडूनच घ्यायची असते.

कलम १० : चुकामूक

गडावरून उतरताना पाच जणांचे तीन गट पडतात. छायाचित्रकार बुरुजावर अडकतो, आरंभशूर भलत्याच पायऱ्यांनी सुटतो. फोन लावायला जावे तर बॅटरी टॉर्चमध्ये संपलेली. इथे घाबरू नये. ज्यासाठी सहल काढली ते आता सुरू होते.

वर उभे राहून खाली पाहिले तर सगळे सारखेच दिसते. काळी तटबंदी, पिवळे गवत, एकावर एक दरवाजे. गाड्या कुठे लावल्या ते कळत नाही, आलो कुठून तेही आठवत नाही. उभा दिसतो तो मिनार. काही न ठरवता प्रत्येक जण त्याच्या दिशेने उतरू लागतो. एक हत्ती हौदाकडून येतो, एक दरवाजातून, एक कुठल्याशा तुटक्या भिंतीवरून. पंधरा-वीस मिनिटांत पाचही जण पायथ्याशी जमतात आणि पहिली पाच मिनिटे ‘तू कुठे होतास?’ यात जातात.

कलम ४ मध्ये समुद्र आणि दिवा या दोन बाबी प्रलंबित ठेवल्या होत्या. त्या आता निकाली काढाव्यात. भरकटलेल्या माणसांना ज्याने एका जागी आणून सोडले, तो या कामाला पात्र आहे असे समजावे. दीपगृहाची याहून वेगळी परीक्षा कुठलेही खाते घेत नाही.

कलम ११ : मोह

मिनाराखाली जमल्यावर कुणीतरी म्हणेलच, ‘एवढं आलोच आहोत तर...’ या शब्दांपुढे वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबादचा भद्रा मारुती आणि म्हैसमाळ या क्रमाने नावे येतात. पहिल्या नावालाच गाडी सुरू करून शहराकडे वळवावी. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, एवढीच एक सबब हाताशी असते आणि ती रविवारी चालत नाही. शिवाय खुलताबादच्या वाटेवरच्या दिल्ली दरवाजात समोरून बस आली की तुमची सहल मुक्कामी होते, आणि घरी तसे सांगितलेले नसते.

कलम १२ : हिशेब

परतल्यावर उस्मानपुऱ्यातच, ‘तारा’चे पान तोंडात टाकून, हिशेबाला बसावे. पेट्रोल एकाने भरले, पोह्यांचे पैसे दुसऱ्याने, तिकिटे कंटाळलेल्याने, सीताफळे तिघांनी मिळून घेतली पण नेली एकानेच. बेरीज करावी, पाचाने भागावे. उत्तर कधीच जुळत नाही. चाळीस-पन्नास रुपये कमी पडतात आणि प्रत्येकाला वाटते की आपण जास्त दिले.

याच देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथांनी दप्तरातली एका पैची चूक शोधायला सारी रात्र जागून काढली आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा सांगतात. ते नाथमहाराज होते. आपण तसे करू नये. चूक सापडली तर हिशेब मिटतो, आणि मग पुन्हा पाच जणांना एकत्र बोलवायला नवे कारण शोधावे लागते. रक्कम ‘मागची बाकी’ म्हणून ग्रुपवर लिहून ठेवावी. देणेकरी कोण, हे मात्र लिहू नये.